नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटातील ट्रेक : सह्याद्रीच्या सवयींमुळे होणाऱ्या या चुका टाळा

नोकरी किंवा शिक्षणाच्या निमित्ताने ॲरिझोना, युटा, नेवाडा या भागांत आलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांच्या गाठीला राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड आणि निदान एकदा तरी केलेले कळसूबाई असते, आणि नेमका हाच अनुभव इथे घात करतो. नवखा माणूस घाबरून चार प्रश्न विचारतो. मुरलेला ट्रेकर पाठपिशवी उचलून चालू लागतो. पाणी किती घ्यावे, चढ कधी लागेल, पाऊस कुठून येईल, यांविषयीचे त्याचे अंदाज काळ्या कातळाच्या आणि दमट हवेच्या प्रदेशात तयार झालेले असतात. खालील चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्या आहेत.

आधी उतार, मग चढ

गडावर जाताना चढ सकाळी ताज्या पायांनी होतो आणि दमलेल्या पायांच्या वाट्याला उतार येतो. दम लागला की माणूस आपोआप थांबतो किंवा परत फिरतो. ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानातल्या खोल दरीत हा क्रम उलटा आहे. तिथली दक्षिण कड सुमारे २१०० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्याहूनही वर आहे. ब्राइट एंजल या पायवाटेने कोलोरॅडो नदीकाठच्या मुक्कामाच्या जागेपर्यंतचे अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे आणि त्यात १३०० मीटरहून अधिक उतार आहे. सकाळच्या गारव्यात हा उतार इतका सुखाचा वाटतो की परत फिरावे असे सांगणारे काहीच शरीरात घडत नाही. जे घडायचे ते भर दुपारी चढताना घडते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा साउथ कैबाब पायवाटेवर सीडर रिजपासून परतायचे ठरवले होते. ते अंतर एका बाजूने जेमतेम अडीच किलोमीटर आहे. ‘एवढ्यात काय परतायचे’ म्हणून आम्ही स्केलेटन पॉइंटपर्यंत, म्हणजे दुप्पट अंतर उतरलो. या पायवाटेवर पाण्याचा एकही नळ नाही आणि सावलीही जवळजवळ नाही, हे फलकावर वाचूनसुद्धा मनावर घेतले नव्हते. वर यायला उतरण्याच्या अडीचपट वेळ लागला, आणि शेवटच्या तासात आमच्यापैकी कोणीही एकमेकांशी बोलत नव्हते.

म्हणून परतण्याची जागा ठरवण्याऐवजी परतण्याची वेळ ठरवावी. उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला लागेल, असे धरून चालावे आणि त्या हिशेबाने एकतृतीयांश वेळ संपताच पाठ फिरवावी. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दरीत चालू नये, तसेच कडेवरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येऊ नये, असे उद्यानाचे अधिकारी परोपरीने सांगतात. वर हवा आल्हाददायक असतानाही तळाशी पारा चाळीस अंशांपुढे जातो, कारण खाली उतरू तशी हवा तापत जाते आणि तळाचा काळपट खडक दिवसभर साठवलेली उष्णता सूर्य कलल्यावरही बाहेर टाकत राहतो. या खडकाचे नाव ‘विष्णू शिस्ट’ आहे. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात इथल्या सुळक्यांना विष्णू आणि शिव यांची नावे दिली. पण विष्णूचा हा खडक शीतलतेसाठी मात्र ओळखला जात नाही.

अंगावर न दिसणारा घाम

दमट हवेत घाम गळ्यावरून ओघळतो, सदरा चिकटतो आणि तहान लागण्याआधीच पाणी गेल्याची जाणीव होते. वाळवंटात आर्द्रता कित्येकदा दहा टक्क्यांच्या खाली असते, त्यामुळे घाम कातडीवर आल्याआल्या उडून जातो. सदरा कोरडाच राहतो आणि ‘मला फारसा घाम येत नाही’ असा गैरसमज होतो. टोपीच्या कडेला आणि पाठीवर उमटलेले मिठाचे पांढरे पट्टे हीच त्याची खूण असते.

उन्हात चालताना तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी लागते. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांचा भरवसा इथे मनातून काढून टाकावा. नकाशावर दाखवलेले झरे बऱ्याचदा आटलेले असतात, आणि ग्रँड कॅन्यनच्या पायवाटांवरील नळही भरवशाचे नसतात, कारण त्यांना पाणी पुरवणारी जलवाहिनी १९६०च्या दशकातील असून ती वारंवार फुटते. निघण्याच्या दिवशी नळांची स्थिती पाहून घ्यावी आणि तरीही पूर्ण पाणी पाठीवर घ्यावे.

याच्या उलट बाजूची चूक कमी लोकांना माहीत असते. भीतीपोटी नुसते साधे पाणी पीत राहिले आणि खाल्ले काहीच नाही, तर रक्तातील सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेपण ही लक्षणे उष्माघाताच्या आरंभासारखीच दिसतात, आणि सोबती त्या आजारी माणसाला आणखी पाणी पाजतात. त्यामुळे प्रकृती अधिक बिघडते. अशा वेळी त्याने दिवसभरात काय खाल्ले आणि लघवी किती वेळा झाली, हे आधी विचारावे. पाणी भरपूर, लघवी वारंवार व पाण्यासारखी स्वच्छ आणि खाणे शून्य असेल, तर साधे पाणी थांबवून खारे काहीतरी खायला द्यावे. चिवडा, खारे शेंगदाणे आणि ओआरएसच्या पुड्या यांचे वजन नगण्य असते.

लघवी कमी व गडद असेल आणि अंग तापले असेल, तर सावलीत बसवून सदरा, टोपी आणि मान पाण्याने भिजवावी. कोकणात ओला सदरा तासभर ओलाच राहतो आणि नुसता जाच होतो. इथल्या कोरड्या हवेत मात्र तोच झपाट्याने गारवा देतो. म्हणूनच पावसाळी ट्रेकला आपण टाळतो तो सुती सदरा इथे उन्हाळ्यात उपयोगी पडतो. थोडे बरे वाटताच चढायला लागणे ही पुढची चूक होय. ऊन उतरेपर्यंत थांबावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून त्याला भिजवत राहावे आणि ताबडतोब ९११ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. दरीत फोनला रेंज बहुधा नसते, म्हणून लांबच्या वाटेवर उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र सोबत असावे.

डोक्यावर निळे आकाश आणि घळीत पूर

ॲरिझोनातही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात आणि हवामान खाते तो १५ जून ते ३० सप्टेंबर असा मोजते. नावाचे हे साम्य फसवे आहे. इथला पाऊस दुपारी, तुकड्यातुकड्यांनी आणि जोरात पडतो; उघडा खडक आणि भाजलेली माती तो मुरू देत नाही. सगळे पाणी अरुंद घळींत धावते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर ॲन्टिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ पर्यटक वाहून गेले, तेव्हा वादळ कित्येक मैल दूर वरच्या अंगाला झाले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये युटामधील झायन उद्यानाच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा असाच अंत झाला.

त्यामुळे घळीवरचे आकाश पाहून निर्णय घेऊ नये. तिचे पाणलोट क्षेत्र जिथवर पसरले आहे तिथवरचा अंदाज पाहावा. आत असताना स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या वाहत आल्या, धार वाढली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर मागे पळत सुटण्यापेक्षा जवळच्या उंच जागी चढावे आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच राहावे.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

चोया या निवडुंगाचा काटेरी गोळा अंगाला चिकटला तर तो हाताने ओढू नये, कारण तो बोटांत रुततो. साधी फणी त्याखाली सरकवून उडवावा आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. युटामध्ये काळसर, खडबडीत पापुद्रा आलेल्या जमिनीवर पाय देऊ नये. तो सूक्ष्मजीवांनी माती बांधून बनलेला जिवंत थर असतो आणि एका पावलाने मोडलेला भाग सावरायला अनेक वर्षे लागतात. हिवाळा निर्धोक समजून साधे बूट घालून ग्रँड कॅन्यनच्या कडेवर येणारे बर्फावर घसरतात. बुटांना लावायचे दातेरी पट्टे तेव्हा हवेतच.

घड्याळाचाही एक घोळ आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातील नवाहो राष्ट्र, म्हणजे नवाहो या मूलनिवासी जमातीची स्वायत्त भूमी, करते, आणि तिने वेढलेली होपी या दुसऱ्या जमातीची भूमी करत नाही. त्यामुळे सीमेजवळ फोनचे घड्याळ तासाने मागेपुढे उडते. ॲन्टिलोप कॅन्यनमध्ये वाटाड्याशिवाय प्रवेश नाही आणि तिथल्या सहली साधारणतः ॲरिझोनाच्या वेळेने सुटतात. मॉन्युमेंट व्हॅलीत मात्र नवाहो वेळ चालते. आरक्षण करतानाच ‘वेळ कोणती’ हे विचारून कागदावर लिहून ठेवावे आणि त्या दिवशी फोनमधील वेळ हाताने बसवावी.