सुपरमार्केटला माल देता? जीआरएन त्याच दिवशी बघा

सुपरमार्केटच्या व्हेंडर पोर्टलवर (पुरवठादारांसाठीच्या वेबसाइटवर) चढवलेलं बिल ‘मिसमॅच’ म्हणून परत येतं आणि पैसे लटकतात. बहुतेकदा पीओ (सुपरमार्केटची खरेदी ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची त्यांनी केलेली नोंद) आणि तुमचं बिल यांतले आकडे जुळलेले नसतात.

१. गाडी भरण्याआधी पोर्टलवरूनच ताजी पीओ उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जुनी प्रत नको. दर, एमआरपी, बारकोड आणि पीओची मुदत बघा. एमआरपी वेगळी निघाली तर माल गोदामाच्या दारातूनच परत येऊ शकतो.

२. बिलावर पीओ क्रमांक जसाच्या तसा, सुरुवातीच्या शून्यांसकट.

३. माल उतरला की त्याच दिवशी जीआरएन उघडा. पेट्या कमी दाखवल्यात? शिक्का मारलेल्या डिलिव्हरी चलनाचा (मालासोबतच्या कागदाचा) फोटो लावून लगेच तक्रार टाका. (ड्रायव्हरला शिक्क्याशिवाय निघू नको म्हणून बजावाच.)

माल खरंच कमी गेला असेल तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम तेवढी कमी केल्याचा कागद) द्या. त्याच क्रमांकाचं दुसरं बिल बनवू नका, जीएसटीत घोळ होतो.