कोल्हापुरात ऑफ-रोडिंगसाठी स्वस्तात जागा कशी मिळवाल?

मोकळा माळ दिसला म्हणून गाडी घालू नका. आधी गट नंबर काढा आणि महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघा. भोगवटादार ‘महाराष्ट्र शासन’ आणि इतर हक्कात ‘गायरान’ असेल, तर नुसत्या सरपंचांच्या होकारावर भागत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून तहसीलदारांकडे तात्पुरत्या वापरासाठी अर्ज करा. ‘वन’ शब्द दिसला की विषय संपला. राधानगरी अभयारण्य आणि मसाई पठार तर डोक्यातूनच काढा.

खरं सांगायचं तर खासगी पड जमीन सगळ्यात सोपी. दिवसाचं भाडं ठरवा, पण संमतीवर सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांच्या सह्या घ्या. घोळ इथंच होतो: थोरला हो म्हणतो आणि ऐन वेळी चुलतभाऊ बांधावर येऊन उभा राहतो.

आदल्या दिवशी चालत फिरून विहिरी, पाइपलाइन, बांध यांवर चुना मारा. पावसाळ्यात शाहूवाडी, पन्हाळ्याकडची जांभ्याची तांबडी माती टायरच्या खाचांत गच्च बसते, पकड जाते; दिवाळीनंतरच जा. टायरची हवा १८–२० पीएसआयवर आणा. डांबरीवर चढण्याआधी पुन्हा भरा, नाहीतर टायर तापून फुटतो. त्यासाठी हवेचा पंप सोबत हवाच.