मोटरहोमचा जुना जनरेटर: या चुका टाळा

जुन्या मोटरहोमचा (म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचा) जनरेटर रुसला की मालक आधी तासांचा मीटर दाखवतात. ‘बघा, इतक्या वर्षांत जेमतेम तीनशे तास चाललाय, मग बिघडला कसा?’ अहो, म्हणूनच बिघडला. हे यंत्र जितकं झिजून मरतं, त्याहून जास्त पडून राहून मरतं.

पेट्रोलचा जनरेटर असेल तर पहिला बळी कार्बोरेटरचा. त्याच्या बाउलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीत, राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग दोन-तीन महिन्यांत उडून जातो आणि मागे डिंकासारखा पिवळट थर उरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओलावाही धरतं. मग इंजिन घुटमळायला लागतं, आवाज वर जातो, खाली येतो, आणि चोक थोडा ओढला की गडी सुधारतो. चोकवर बरं चालतंय म्हणजे जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) अर्धवट बुजलंय, असं बहुतेक वेळा खुशाल समजा. इथे लोक हटकून तार घालून भोक मोकळं करतात. तसं करू नका. जेटचं भोक मापात पाडलेलं असतं, तारेने ते मोठं झालं की इंजिन कायमचं काळा धूर ओकतं. क्लीनरमध्ये भिजवा, हवेच्या दाबाने फुंका, आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का बघा.

हे टाळायचा उपाय कंटाळवाणा आहे: महिन्यातून एकदा दोन तास, निम्म्या लोडवर चालवा. पाच किलोवॅटचा सेट असेल तर अडीच किलोवॅटच्या आसपास, म्हणजे एसी किंवा हीटर लावून. ‘मी दर महिन्याला दहा मिनिटं सुरू करतो की!’ असं सांगणारे भेटतात. लोड न लावता दहा मिनिटं चालवलं तर इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमधला आणि वाइंडिंगमधला (तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांतला) ओलावा जिथल्या तिथे राहतो. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून लोड द्या आणि बंद करायच्या आधी तेवढाच वेळ लोड काढून चालवा.

आता माझी स्वतःची फजिती. आमचा सेट बटण दाबून धरलं की चालायचा आणि बोट उचललं की लगेच बंद. मेकॅनिक म्हणाला, कंट्रोल बोर्ड गेलं. मी बोर्ड बदललं, खिसा हलका झाला, रोग तोच. पुष्कळ सेटमध्ये बटण सोडल्यावर बोर्ड ‘वीज तयार होतेय का?’ हे तपासतं आणि होत नसेल तर इंजिन बंद करतं. म्हणजे बोर्ड बिचारं आपलं काम चोख करत होतं! दुसऱ्या माणसाला बटण धरायला लावून आउटपुटवर मल्टिमीटर लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. व्होल्टेज जवळपास शून्य होतं. झाकण काढलं तर स्लिप रिंग (फिरत्या भागावरची धातूची कडी) काळीकुट्ट आणि तिला टेकून वीज पोचवणारा एक कार्बन होल्डरमध्येच अडकलेला. रिंग बारीक सँडपेपरने साफ केली (एमरी पेपर नको, त्याचे कण रुतून बसतात), कार्बन मोकळा केला आणि खूण करून ठेवली होती त्याच बाजूने परत बसवला, कारण त्याचं तोंड रिंगच्या गोलाईप्रमाणे झिजलेलं असतं. आउटपुट नीट येत असूनही सेट असाच बंद पडत असेल, तर ऑइल प्रेशरचा स्विच बघा. आणि हात आत घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर आतून कुणीतरी सहज स्टार्टचं बटण दाबतं.

स्टार्टर कण्हत असेल तर नवी बॅटरी आणायची घाई नको. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर ठेवा आणि स्टार्टर फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगच्या वायरीत. गंज खरवडा, पुन्हा घट्ट आवळा.

काही वेळा तर काहीच बिघडलेलं नसतं. गाडीच्याच टाकीतून इंधन घेणाऱ्या सेटची नळी बहुधा पाव टाकीच्या वर संपते, म्हणजे गाडी अडकून पडू नये. काटा त्याखाली गेला की जनरेटर बंद! उतारावर गाडी उभी असेल तर ऑइल एका बाजूला जाऊनही सेट थांबतो. पंपाच्या ओढत्या बाजूच्या रबरी नळीला बारीक चीर गेली तर थेंबही गळत नाही, उलट हवा आत येते. दहा वर्षांची नळी दिसली की मी न बघता बदलतो.

व्होल्टेज पडतंय म्हणून गव्हर्नरचा (इंजिनचा वेग कायम राखणाऱ्या भागाचा) स्क्रू पिळणं ही मात्र महागात पडणारी चूक. दोन पोलचा (दोन चुंबकीय ध्रुवांचा) सेट 50 हर्ट्झसाठी मिनिटाला 3000 आणि 60 हर्ट्झसाठी 3600 फेऱ्यांवरच चालला पाहिजे. फेऱ्या वाढवल्या की फ्रिक्वेन्सीही चढते. आधी एअर फिल्टर, प्लग आणि कार्बोरेटर, मग फ्रिक्वेन्सी मोजत गव्हर्नर.

सायलेन्सरच्या बाबतीत चालढकल अजिबात नको. गंजून पडलेल्या भोकातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो फटीतून थेट झोपायच्या जागी येतो. जोड ढिला असेल, काजळीचा डाग दिसत असेल तर सेट चालवूच नका, आणि दुरुस्त असला तरी झोपताना बंदच ठेवा. आतला अलार्म चाचणीचं बटण दाबल्यावर ओरडतो, पण तेवढ्याने सेन्सर जिवंत असल्याचं कळत नाही. अलार्म काढून मागची मुदत वाचा.