सोलापुरात बसून नव्या नोकरीत रुळताना

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम मी जुळे सोलापुरातल्या घरून करते. आमच्या टीममध्ये जी मुलं-मुली घरूनच रुजू होतात, त्यांना कामात रुळवण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. त्यातली बरीचशी आपल्याच भागातली असतात. कुणी वालचंद कॉलेजची, कुणी विद्यापीठातून शिकलेली, कुणी बार्शी-अक्कलकोटची. ज्यांच्या हातात ऑफर लेटर पडलंय, पण ऑफिसचं दार कधी दिसेल ते ठाऊक नाही, अशांसाठी हे लिहितेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगते. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, कागदपत्रं तपासण्याचा खर्च असं काहीही मागणारी ‘घरबसल्या नोकरी’ ही नोकरी नव्हेच. आपल्याकडे आईचे दागिने गहाण ठेवून असे पैसे भरलेली घरं आहेत. खरी कंपनी पगार देते, उलटे पैसे घेत नाही. कुणी पैसे भरून बसलं असेल तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता कागदपत्रं. सोलापूरच्या मुलांचं घोडं हमखास अडतं ते नावात. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब. त्यात आपल्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांमधली आडनावं इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कागदावर एखादं अक्षर कमी-जास्त. गावातल्या बँकेत हे चालून जातं, पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारी माणसं दूरच्या शहरात बसून फक्त स्कॅन बघतात. त्यांना तुमचं घर माहीत नाही आणि तुमचे वडीलही माहीत नाहीत. त्यामुळे जॉइनिंगची वाट न बघता आधार, पॅन आणि बँक खातं यांवरचं नाव एकसारखं करून घ्या. पीएफसाठी यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा १२ अंकी नंबर लागतो आणि तो आयुष्यभर एकच असतो. आधी कुठे कॉल सेंटरमध्ये चार महिने जरी काम केलं असेल आणि तिथे पीएफ कापला गेला असेल, तर तोच नंबर द्या, नवा काढू नका. पहिली पगाराची स्लिप आली की नीट वाचा. व्यवसाय कराचे २०० रुपये दिसतील, फेब्रुवारीत ते ३०० होतात, म्हणजे वर्षाला २५००. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही, तेव्हा मुलींनी स्लिपवर ही ओळ आवर्जून बघावी.

लॅपटॉप कुरिअरने येतो. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, मागचा सीरियल नंबर टिपून ठेवा आणि ‘मिळाला’ अशी मेल टाका. पुढे परत करताना हीच नोंद कामी येते.

इथवरचं सगळं कुणीही सांगेल. मुलं खरी अडतात ती याच्या पुढे.

ऑफिसात नवा माणूस फारसं काही विचारत नाही, तरी शिकतो, कारण त्याच्या कानावर पडत असतं. शेजारचा कुणाला तरी फोनवर सांगत असतो की हा सर्व्हर सोमवारी हळू चालतो. चहाच्या वेळी समजतं की अमुक रिपोर्टची मंजुरी कुणाकडून घ्यायची. घरून काम करणाऱ्याच्या कानावर यातलं काही पडत नाही. त्याला कळतं ते दोनच मार्गांनी: कुणी लिहून ठेवलंय म्हणून, किंवा त्याने विचारलं म्हणून. गिटलॅबसारखी कंपनी, जिथे सगळेच घरून काम करतात, कामाच्या पद्धतींची आपली पुस्तिका इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवते. वेळ मिळेल तेव्हा ती चाळा. लिहून ठेवायचं म्हणजे किती बारकाईने, याचा अंदाज येईल. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांमध्ये मात्र निम्मं शहाणपण माणसांच्या डोक्यातच असतं. म्हणजे विचारण्याला पर्याय नाही.

आणि विचारणं हेच आपल्या मुलांना जड जातं. एका मुलीने मला रात्री मेसेज केला होता, “ताई, ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं तर म्हणतील ना, हिला एवढंही येत नाही?” दिवसभर ती एका ॲक्सेससाठी अडून बसली होती आणि तिच्या मॅनेजरची समजूत अशी की काम सुरळीत चाललंय. पडद्यापलीकडच्या माणसाला तुमची धडपड दिसत नाही, फक्त शांतता दिसते. त्या शांततेचा अर्थ तो आपल्या मनाने लावतो, आणि तो तुमच्या बाजूने लावेलच असं नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, अर्धा तास स्वतः प्रयत्न करा, मग टीमच्या ग्रुपवरच विचारा. एकेकट्याला खाजगीत विचारू नका. खाजगीत मिळालेलं उत्तर तुमच्यापुरतं राहतं, ग्रुपवरचं उत्तर पुढच्या नव्या मुलालाही सापडतं. प्रश्न नुसता ‘हाय सर’ असा पाठवून समोरच्याच्या उत्तराची वाट बघू नका. एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा: ‘टेस्ट सर्व्हरवर लॉगिन करतेय, व्हीपीएन चालू आहे, पासवर्ड सकाळी बदलला, तरी परवानगी नाही असं येतंय, स्क्रीनशॉट जोडलाय. याची तक्रार (तिकीट) कुणाकडे टाकायची?’ असा प्रश्न वाचणाऱ्याला दोन मिनिटांत उत्तर देता येतं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, हे मी मनापासून सांगतेय. मोडक्या इंग्रजीतला नेमका प्रश्न कुणाला खटकत नाही. टीममध्ये मराठी माणूस असेल तर फोनवर मराठीत खुशाल बोला, पण जे ठरलं ते ग्रुपवर दोन ओळींत लिहा.

केटी सेशनचं, म्हणजे जुन्या माणसाने नव्याला काम समजावून देण्याच्या तासाचं रेकॉर्डिंग मिळतं म्हणून निवांत राहू नका. ऐकताना स्वतःच्या शब्दांत टिपणं काढा आणि शिकवणाऱ्याला पाठवा, ‘मला हे असं समजलं, बरोबर आहे का?’ म्हणून. रोजचं काम संपताना आज काय झालं, कुठे अडलंय, उद्या काय करणार, एवढं मॅनेजरला लिहा. प्रोबेशन संपताना हीच टिपणं पुराव्यासारखी उपयोगी पडतात.

घरातल्यांचं वेगळंच. मुलगा दिवसभर घरात दिसतो म्हटल्यावर गॅसचा नंबर लावणं, आजीला दवाखान्यात नेणं, पाणी आलं की टाकी भरणं, सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी मीटिंग असली तरी उठावंच लागतं. त्याबद्दल टीमला मोकळेपणाने सांगा, पुण्या-मुंबईच्या माणसांना हे सुचणारही नाही. घरातल्यांना मीटिंगच्या वेळा कागदावर लिहून दारावर लावून द्या. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट असेल तर माईक असलेला चांगला हेडफोन कंपनीकडे मागा, तो मागणं रास्तच आहे. राउटरला छोटा यूपीएस आणि मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचा डेटा, एवढी तयारी स्वतःची हवीच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. अवघड काम सकाळी उरकायची मुभा मागून बघा.

अमेरिकेतल्या टीमबरोबर काम असेल तर एक खूणगाठ बांधा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं. न्यूयॉर्कची सकाळी ११ ची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला, उन्हाळ्यात साडेआठला. आणि संक्रांतीच्या सुमाराची सिद्धरामेश्वरांची यात्रा कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत नसते. अक्षता सोहळ्याला जायचं असेल तर डिसेंबरातच रजा टाका आणि कशासाठी तेही लिहा.

मुलींच्या आईवडिलांना रात्रीच्या कॉल्सची काळजी वाटते, ती मला पटते. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घरसुद्धा येतं. म्हणजे व्हिडिओ कॉलवर किंवा मेसेजमध्ये कुणी मर्यादा सोडली तरी कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. समितीत कोण आहे हे पहिल्याच आठवड्यात एचआरला विचारून ठेवा.

टीम चालवणाऱ्यांशीही दोन शब्द. नव्या माणसाला एक ठरावीक माणूस नेमून द्या, तो मॅनेजर नको. त्याचं कामच हे असावं की रोज स्वतःहून फोन करून विचारायचं. ‘काही शंका आहे का?’ असं विचारलं की आपली मुलं नाहीच म्हणतात. ‘आज कुठे अडलीस ते दाखव’ म्हटलं की स्क्रीन शेअर करतात.

पहिल्या तीन महिन्यांत एकदा तरी ऑफिसला जाऊन या. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं. प्रवासखर्च मिळतो का ते आधी एचआरला मेल करून विचारा, आणि ज्यांना ग्रुपवर सगळ्यात जास्त प्रश्न विचारलेत त्यांच्याशेजारची खुर्ची मागून घ्या.