जुन्या मोटारीच्या ट्रिमसाठी फिनिश निवडताना

पद्मिनी किंवा अँबेसिडर नव्याने उभी करताना रंगाची छटा ठरवण्यात आठवडे जातात. बंपर, दारांची हँडलं, खिडकीच्या पट्ट्या आणि मोनोग्राम असे ट्रिमचे भाग मात्र एकाच पोत्यात भरून ‘सगळ्याला क्रोम मारा’ एवढ्या निरोपावर प्लेटिंगवाल्याकडे जातात. मग एका पावसाळ्यात कुठे फोड येतात, कुठे गंजाचे ठिपके. फिनिश ठरवायचं ते भागाचा मूळ धातू आणि त्याची गाडीवरची जागा बघून.

म्हणून आधी धातू ओळखा. चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड किंवा ४३० ग्रेडचं स्टेनलेस. जुन्या निकेलमुळे तो किंचित ओढला जातो, त्याला फसू नका. नाहीच चिकटला तर भागाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीचा एक घास मारा. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरं आणि वजनाला हलकं असेल तर अ‍ॅल्युमिनियम, करडं आणि जड असेल तर जस्ताचं ओतीव काम. हँडलं आणि मोनोग्राम बहुधा या शेवटच्या प्रकारात निघतात, आणि सगळ्यात जास्त काम तिथेच बिघडतं. जस्त आम्लात पटकन खाल्लं जातं, म्हणून त्यावर आधी अल्कलाइन तांब्याचा थर लागतो. जुन्या भागातले खड्डे आतवर कोरून, तांब्याने किंवा झाळकामाने भरून घेतले नाहीत तर वरचा थर तिथूनच फुगतो. बफिंगही हलक्या हाताचं हवं. मोनोग्रामच्या अक्षरांच्या कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

क्रोमची चमक खरं तर खालच्या निकेलची असते. क्रोमचा थर जेमतेम ०.३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो निकेल काळवंडू देत नाही आणि ओरखडे अडवतो. गंज रोखायचं काम निकेलचं. गाडीच्या आतल्या भागांना १० मायक्रॉन निकेल पुरतं. बाहेरच्या लोखंडी भागांना २५ ते ३० हवं. गाडी रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहणार असेल तर ३० मायक्रॉन, आणि तेही दोन थरांचं मागा: खाली सेमी-ब्राइट (अर्धवट चमकीचं), वर ब्राइट (पूर्ण चमकीचं). दोन थरांत गंज सरळ खाली न उतरता आडवा पसरतो, त्यामुळे लोखंडापर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागतो.

हे खरंच मिळालं का, हे रंग मोजायच्या मीटरने तपासू नका. निकेल स्वतःच चुंबकीय असल्याने लोखंडावर तो चुकीचा आकडा देतो. त्यापेक्षा वेळ विचारा. दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर करंट असेल तर निकेल मिनिटाला साधारण ०.८ मायक्रॉन चढतं, म्हणजे २५ मायक्रॉनला अर्धा तास लागणार. पाच मिनिटांत टाकीतून बाहेर आलेल्या बंपरवर सरासरी ४ मायक्रॉनच चढलेलं असतं. नवा असताना तोही तितकाच चमकतो, म्हणूनच फसगत होते. शिवाय करंट बाहेरच्या कडांकडे धावतो, बंपरच्या आतल्या वळणात थर पातळच राहतो. प्लेटिंग होऊन आल्यावर मागची बाजू घासून तिला इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्या. सगळे भाग एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच खेपेत करून घ्या. क्रोमच्या टाक्या दोन प्रकारच्या रसायनांच्या असतात: हेक्झाव्हॅलंट क्रोमला निळसर झाक असते, ट्रायव्हॅलंट जरा गडद दिसतं, आणि शेजारी लावल्यावर तो फरक डोळ्यात भरतो.

नवी पट्टी बनवत असाल तर प्लेटिंगच्या भानगडीत न पडता स्टेनलेस घ्या. आतल्या शहरांत ३०४, किनाऱ्यावर ३१६. बाजारात २०२ ग्रेड ३०४ म्हणून खपवलं जातं आणि चुंबकाने ते ओळखता येत नाही, दोन्हीला तो चिकटत नाही. दुकानदाराकडून ग्रेड तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकून घ्या. ब्रश फिनिश हवं असेल तर सगळ्या पट्ट्यांवर एकाच ग्रिटचा (खरखरीतपणाचा) पॉलिशपट्टा, लांबीच्याच दिशेने फिरला पाहिजे.

अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅनोडायझिंग शोभतं, म्हणजे विजेने त्याच्याच ऑक्साइडचा कडक थर वाढवणं. ६०६३ या मिश्रधातूची पट्टी एकसारखी उतरते. ओतीव भागात सिलिकॉन जास्त असल्याने तो करडा आणि डागाळ होतो, त्याला पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेली रंगाची पूड) बरं. बाहेरच्या भागांवर १५ मायक्रॉनच्या खाली जाऊ नका. या थरात भरायचे लाल-जांभळे डाय उन्हात विटतात. कॉस्टिक असलेल्या वॉशने अ‍ॅनोडायझिंग धुपतं, आणि फरशी साफ करायचं अ‍ॅसिड तर क्रोमच्याही जवळ नेऊ नका.

पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन असतं आणि १८० ते २०० अंशांवर भाजतात, म्हणून रबर, प्लॅस्टिक आधी काढा. उन्हातल्या भागाला पॉलिस्टर पावडर सांगा, शुद्ध इपॉक्सी खडूसारखी भुरभुरते. आटे आणि नट टेकण्याची जागा झाकूनच पाठवा. तिथे पावडर राहिली तर ती दबते आणि नट ढिला पडतो.

नट-बोल्टला ८ ते १० मायक्रॉन झिंक आणि वर पॅसिव्हेशन (झिंक लवकर खराब होऊ नये म्हणून दिलेला पातळ रासायनिक थर) एवढं पुरे. प्लेटिंगच्या चौपट जाडी आट्याच्या पिच व्यासात (आट्यांच्या मध्यावर मोजलेल्या व्यासात) वाढते, म्हणजे १० मायक्रॉनचे ४० होतात. एम५ किंवा एम६ला त्याहून जाड थर दिलात तर नट अडकेल. १०.९ आणि १२.९ या जास्त ताकदीच्या ग्रेडचे बोल्ट आणि स्प्रिंगा साध्या प्लेटिंगला देऊच नका. आम्लात आणि टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कसलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. तिथे झिंक फ्लेक कोटिंगचे (विजेशिवाय लावलेल्या जस्ताच्या पापुद्र्यांच्या लेपाचे) नवे बोल्ट घ्या. सीटबेल्ट, स्टिअरिंग आणि चाकाच्या बोल्टांना तर दिसण्यासाठी हात लावायचाच नाही.

बसवताना स्टेनलेसचा स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत आवळू नका. ओल मिळाली की स्क्रूभोवती पांढरी पूड धरते, ती अ‍ॅल्युमिनियमची. नायलॉनचा वॉशर आणि बाही (स्क्रूभोवतीची नळी) घाला, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, आणि पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड प्रायमरने झाकल्यावरच क्लिप ठोका.