५० मीटरसाठी गोळी निवडताना या चुका टाळा

"मॅडम, स्वप्नीलदादा कुठली गोळी वापरतो?"

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं, तेव्हापासून पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा क्लबची रायफल असते. त्या बॅरलमधून आजवर किती हजार गोळ्या गेल्या हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि शेजारी बाबा पैसे द्यायला तयार उभे असतात. मी त्यांना सांगते की त्याची गोळी त्याच्या बॅरलला मानवलेली आहे, तुमच्या बॅरलला काय मानवतं ते अजून कुणी पाहिलेलंच नाही. हे ऐकून बाबांचा चेहरा पडतो. त्यांना नाव हवं असतं.

नावं सांगायला हरकत काहीच नाही. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर ५०, लापुआ एक्स-अ‍ॅक्ट या वरच्या पायरीच्या गोळ्या. एली मॅच, आर १००, सेंटर-एक्स हीसुद्धा उत्तम जात. पण एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळ्या गोळ्या आवडतात, आणि मी स्वतः वरच्या पायरीच्या डब्याला खालच्या पायरीच्या डब्याने हरवलेलं कागदावर पाहिलं आहे. बर्मिंगहॅमला एलीच्या, फ्युर्टला आरडब्ल्यूएसच्या आणि शोनेबेकला लापुआच्या टेस्ट रेंजवर जगभरातले नेमबाज आपापल्या रायफली घेऊन जातात, ते यासाठीच. तिथे रायफल शिकंजात बसवतात आणि एकामागून एक लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या गोळ्या, मारून बघतात. नुसत्या नावावर भागलं असतं तर एवढा प्रवास कुणी केला नसता.

डबा तोच, लॉट वेगळा

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण तिने माझे तीन महिने खाल्ले.

५० मीटरची .२२ ची (०.२२ इंच व्यासाची) गोळी म्हणजे ४० ग्रेनचं, २.६ ग्रॅमचं शिसं. मॅचच्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर. ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. वेग १० मीटरने कमी झाला तर ती आणखी सात मिलिमीटर खाली लागते. ५० मीटरच्या टार्गेटवर एका रिंगची रुंदी आठ मिलिमीटर आहे, आता हिशोब तुम्हीच करा. तुमचा नेम, श्वास, ट्रिगर सगळं जागेवर असताना जवळजवळ एक अख्खा गुण फक्त वेगाच्या फरकाने जातो. हा फरक येतो दारूतून, काडतुसाच्या कडेत भरलेल्या प्रायमिंगमधून (दारू पेटवणाऱ्या मसाल्यातून) आणि गोळी किती घट्ट बसवली आहे त्यातून. एका लॉटमध्ये या गोष्टी सारख्या ठेवायला कारखाना जिवाचं रान करतो. पण पुढचा लॉट तुमच्या बॅरलला तसाच मानवेल, अशी हमी कुणीच देत नाही.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी माझ्या रायफलीवर चार लॉट तपासले. त्यातला एक असा निघाला की दहा-दहा गोळ्यांचे चारही ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचे पुंजके, १५ मिलिमीटरच्या आत. पण तेव्हा हातात पैसे नव्हते. महिन्याभराने जमले तशी फोन केला. "तोच माल आहे मॅडम, सील पण फोडलेलं नाही." मी दोन हजार गोळ्या घेतल्या. नाव तेच, रंग तोच. डब्यावर छापलेला लॉट नंबर मी पाहिलाच नाही.

त्यानंतरच्या स्पर्धेत माझे शॉट वर-खाली फिरायला लागले. १०.५, ९.६, १०.३, ९.४. डावीकडे-उजवीकडे काही नाही, फक्त वर आणि खाली. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, असं झालं की पहिला संशय श्वासावर जातो. मी श्वासावर काम केलं. मग स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) एक भोक घट्ट केली, मग सैल केली, खांद्याला टेकणारी बट प्लेट हलवली, गाल टेकवायचा चीक पीस खाली घेतला. घरी रोज अर्धा तास ड्राय प्रॅक्टिस (गोळी न भरता सराव) केली. जी पोझिशन बसवायला मला दोन वर्षं लागली होती ती मी माझ्या हाताने मोडली. तीन महिन्यांनी लष्करातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी माझ्या मागे उभं राहून वीसेक शॉट पाहिले आणि म्हणाले, "बेटा, डबा दाखव." त्यांनी माझी रायफल शिकंजात बसवली. जुन्या लॉटच्या उरलेल्या दहा गोळ्या एका टार्गेटवर, नव्या दहा दुसऱ्यावर. जुना ग्रुप गोल आला. नवा रुंदीला तेवढाच होता, उंचीला जवळपास दुप्पट. मी काही बोलू शकले नाही. गोळ्या बदलल्या तरी मोडलेली पोझिशन परत यायला पुढचा मोसम जावा लागला.

तेव्हापासून मी फोनवर विक्रेत्याला लॉट नंबर आकडा-आकडा वाचायला लावते आणि बिलावर लिहून घेते. टेस्ट पैसे जमल्यावरच करते, म्हणजे आवडलेला लॉट त्याच आठवड्यात उचलता येतो. आणि जुन्या लॉटच्या ५० गोळ्या कधीच संपवत नाही. नव्याशी ताडून बघायला त्या लागतात.

पाच गोळ्यांचा फोटो

मागच्या उन्हाळ्यात एका मुलाने मला मोबाईलवर ग्रुप दाखवला. पाच गोळ्या, एकच भोक म्हणावं इतका लहान. "मॅडम, लॉट मिळाला!" मी विचारलं, त्या सकाळी ग्रुप किती मारलेस? सात. बाकीच्या सहांचे फोटो? काढले नव्हते.

पाच गोळ्यांचा लहान ग्रुप कुठल्याही गोळीतून कधी ना कधी येतोच. त्याच गोळीचा दहाचा ग्रुप सरासरी पाव हिश्श्याने मोठा भरतो, आणि स्पर्धेत तुम्हाला ६० मारायच्या असतात. मी एका लॉटच्या किमान ४० गोळ्या मारल्याशिवाय मत बनवत नाही. दहा-दहाचे चार ग्रुप, आणि चारही हिशोबात धरायचे. "हा माझ्यामुळे फुटला" म्हणून एकही ग्रुप बाजूला काढायचा नाही. शिकंजा मिळाला तर उत्तम, नाही तर बेंचवर रेस्ट ठेवून मारा. वेळ सकाळी लवकरची. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की टेस्ट बंद. सेकंदाला एक मीटर आडवा वारा .२२ ला ५० मीटरवर पाच-सहा मिलिमीटर ढकलतो. अशा हवेत तुम्ही गोळी तपासत नसता, वारा तपासत असता.

यातली एक गोष्ट घाईतली मुलं हमखास विसरतात. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं, कुणाचं मेणासारखं, कुणाचं तेलकट. गोळी बदलली की आधीच्या वंगणाचा थर निघून नवा बसेपर्यंत बॅरल खरं बोलत नाही. मी नव्या गोळीच्या पहिल्या पंचवीस मातीत मारते, मग मोजायला लागते. "पंचवीस गोळ्या वाया?" असं मला विचारतात. त्या वाया जात नाहीत, तो टेस्टचाच खर्च आहे. तो परवडत नसेल तर चारऐवजी दोन लॉट तपासा, पण नीट तपासा.

जोराची गोळी

हाय व्हेलॉसिटीची .२२ साधारण ३८० मीटर वेगाने निघते. जोरात जाते म्हणजे वारा कमी लागेल, हे ऐकायला पटतं, पण प्रत्यक्षात उलट होतं. आपल्याकडच्या हवेत ध्वनीचा वेग ३४० ते ३५५ मीटरच्या दरम्यान असतो. हा वेग ओलांडणारी गोळी हवेचा जबर अडथळा झेलते, झपाट्याने मंदावते आणि ५० मीटरच्या आतच ध्वनीच्या वेगाच्या आसपास येऊन डळमळते. वारा गोळीला किती ढकलणार हे ती वाटेत किती वेळ गमावते यावर ठरतं, आणि ही गोळी जास्त गमावते. मॅचसाठी ती घेऊ नका.

६.५ क्रीडमूरची घाई

व्हिडिओ बघून आलेली मुलं हल्ली थेट हजार यार्डांवर पोचतात. ६.५ क्रीडमूर हे काडतूस हॉर्नडीने २००७ मध्ये आणलं आणि ते चांगलंच आहे. लांब, निमुळती गोळी, .३०८ या काडतुसापेक्षा वारा कमी खाते, धक्काही कमी. बॅरल मात्र .३०८ च्या मानाने लवकर झिजतं. पण तुम्ही ते मारणार कुठे? बालेवाडीला लेन १०, २५ आणि ५० मीटरच्या आहेत. ३०० मीटरचा बिग बोअर, म्हणजे मोठ्या काडतुसाचा प्रकार, आपल्याकडे मुख्यतः लष्करी रेंजवर चालतो. काडतूस ठरवण्याआधी प्रकाराचे नियम वाचा. ५० मीटरला फक्त ५.६ मिलिमीटर म्हणजे .२२ लाँग रायफल, ३०० मीटरला ८ मिलिमीटरपर्यंत. परदेशातल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांच्या एफ-टीआर गटात तर .२२३ आणि .३०८ सोडून दुसरं काडतूस चालतच नाही, तिथे क्रीडमूरवाल्याला उभंही करत नाहीत. आधी .२२ वर वारा वाचायला शिका. वारा तोच असतो.

आणखी काही, थोडक्यात

सामन्याच्या मध्यात लॉट बदलू नका, सायटरला (गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटना) सुद्धा दुसरा वापरू नका.

सामन्याच्या आदल्या रात्री बॅरल चकचकीत करून येऊ नका, पहिले दहा-पंधरा शॉट भरकटतात.

काट्यावर गोळ्या तोलून स्वस्त डब्यातून "मॅच" गोळ्या निवडण्याचा उद्योग मी दोनदा केला आहे. तो वेळ ड्राय प्रॅक्टिसला द्या.

मे महिन्यात गोळ्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. वंगण विरघळतं.

गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवा, तीस सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. यात घाई करणाऱ्याला मी लेनवरून उठवते, मग तो कुणाचाही मुलगा असो.

आणि मित्राकडून "चार डबे दे रे" हा प्रकार बंद. काडतुसांवर शस्त्र कायदा, १९५९ आणि २०१६ चे नियम लागू आहेत. जे घ्यायचं ते परवान्यावर किंवा क्लबमार्फत, नोंद करूनच घ्या.

मग नवशिक्याने घ्यावं काय?

पैसे घेऊन उभ्या असलेल्या बाबांसाठी हा हिशोब. समजा मुलाच्या हाताचा पसारा, म्हणजे शॉट किती पसरतात तो, ३० मिलिमीटर आहे. गोळीचा स्वतःचा पसारा १५ असेल तर दोन्ही मिळून साडेतेहेतीस होतो, कारण हे आकडे सरळ बेरजेने जुळत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. आता महागडी, १० मिलिमीटरची गोळी आणली. पसारा होतो साडेएकतीस. फरक पडला दोन मिलिमीटरचा. हाच हात १२ मिलिमीटरवर आला की त्याच दोन गोळ्यांमधला फरक साडेतीनच्या पुढे जातो. आज प्रोनमध्ये दशांश मोजतात, ६० शॉटना कमाल ६५४.०, आणि एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. तिथे तो फरक पैसे वसूल करतो.

म्हणून शॉटची सरासरी १०.० च्या वर टिकेपर्यंत माझ्याकडची मुलं एसके स्टँडर्ड प्लस किंवा एली टीमसारखी मधली गोळी मारतात, एकाच लॉटची, सहा महिने पुरेल एवढी एकदम घेऊन. वाचलेल्या पैशांत आठवड्याला शंभर शॉट जास्त. डब्याच्या झाकणावर लॉट नंबर आणि तारीख मार्करने लिहायची, डायरीत प्रत्येक सरावापुढे तोच नंबर. पहिल्या दिवशी डायरी न आणणाऱ्याला मी लेन देत नाही.