कन्नड शब्द पाठ होऊनही निसटत असतील, तर ते पक्के कसे करावेत

सोलापुरात कन्नड शब्द शोधत फिरावे लागत नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कितीतरी घरांत ती बोलली जाते, इंडी-विजयपूरकडून रुग्ण आणि व्यापारी शहरात येत असतात, आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनेही कन्नडच आहेत. दुकानात, दवाखान्यात किंवा कार्यालयात सतत कानावर पडणारे तीस-चाळीस शब्द वहीत उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाची जाड कागदाची एक चिठ्ठी करावी. चिठ्ठीच्या एका बाजूस कन्नड शब्द देवनागरीत लिहावा आणि दुसऱ्या बाजूस शक्य तेथे मराठी शब्दाऐवजी चित्र काढावे किंवा प्रसंग लिहावा. कारण नवशिका परका शब्द अर्थाशी थेट न जोडता मातृभाषेतील शब्दामार्फत जोडतो, आणि ही सवय मुरली की बोलताना दर वेळी मनात भाषांतराचा वळसा घ्यावा लागतो.

यानंतर कोणते शब्द एकत्र घ्यावेत हे ठरवायचे असते. माझा सर्वांत जास्त वेळ याच टप्प्यावर गेला, आणि बहुतेक शिकवणाऱ्यांचा सल्लाही येथेच चुकतो. ‘आज फळे, उद्या नाती, परवा विरुद्धार्थी शब्द’ अशी विभागणी वहीत नीटनेटकी दिसते, परंतु स्मरणासाठी ती घातक आहे. ‘बेकु’ म्हणजे हवे आणि ‘बेड’ म्हणजे नको. हे दोन शब्द एकाच संध्याकाळी शिकून पाहावेत. काही दिवसांनी दोन्ही ध्वनी आठवतील, दोन्ही अर्थही आठवतील, मात्र कोणता ध्वनी कोणत्या अर्थाचा याची खात्री देता येणार नाही. दह्याचे ‘मोसरु’ आणि ताकाचे ‘मज्जिगे’, उद्याचे ‘नाळे’ आणि कालचे ‘निन्ने’, मिठाचे ‘उप्पु’ आणि तुपाचे ‘तुप्प’ यांचीही हीच गत होते. दवाखान्यात काल आणि उद्या यांची अदलाबदल झाली तर ती हसण्यावारी नेता येत नाही.

यामागचे कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. अर्थ स्मृतीत सुटे नसतात, तर शेजारच्या अर्थांशी जोडलेले असतात. एक जागा झाला की जवळचेही काही अंशी जागे होतात. मातृभाषेतील शब्द इतके पक्के असतात की या जागेपणाचा त्यांना त्रास होत नाही. नव्या शब्दाचा ध्वनी आणि अर्थ यांचा दुवा मात्र अद्याप कच्चा असतो, आणि त्याच वेळी तसाच कच्चा दुसरा दुवा शेजारी जागा झाला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकणे असंबद्ध शब्दांपेक्षा कठीण ठरले होते. तरीही प्राण्यांचे आणि रंगांचे तक्ते छापले जातातच.

म्हणून जोडीतील अधिक लागणारा एकच शब्द आधी घ्यावा. ‘बेकु’ विचार न करता तोंडात येऊ लागेपर्यंत ‘बेड’ची चिठ्ठी पाकिटात बंद ठेवावी, आठवडा लागला तरी चालेल. शब्दांचे गट करायचेच असतील तर प्रसंगावरून करावेत. घरी आलेल्या पाहुण्याचा प्रसंग घेतला तर ‘बर्री’ (या), ‘नीरु’ (पाणी), ‘बिसि’ (गरम) आणि ‘ऊट’ (जेवण) हे शब्द एकत्र येतात, आणि प्रत्येकाचे काम वेगळे असल्याने ते एकमेकांच्या जागेवर हक्क सांगत नाहीत. अंकांच्या बाबतीतही सावध राहावे. ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे ओळीने घोकले तर भाव विचारताना ‘एळु’पर्यंत पोहोचण्यासाठी दर वेळी एकपासून मोजावे लागते, आणि ‘एळु’ सात की ‘एंटु’ सात हा घोळ उरतोच. अंकांच्या चिठ्ठ्या पिसूनच वापराव्यात.

जोडी आधीच गुंतलेली असेल तर कोणता शब्द कोणता हे सांगणारी युक्ती शोधू नये, कारण अशी युक्ती दर वेळी दोघांनाही एकत्र जागे करते. त्याऐवजी एक शब्द दोन आठवडे पूर्ण बाजूला ठेवावा. चूक सुधारणाऱ्यालाही सांगून ठेवावे, की ‘बेड नव्हे, बेकु’ असे न म्हणता केवळ ‘बेकु’ म्हणावे.

उरलेले काम सोपे आहे. चिठ्ठीची चित्राची बाजू पाहून शब्द स्वतः आठवावा, आणि मगच उलटून पाहावे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेतलेले पुढे गेले. आठवलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि शेवटी महिन्याने काढावी, आणि अडलेली पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाकावी. तासाभरात अर्ध्याहून अधिक विसरते, हा स्मृतीवर प्रयोग करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांचा १८८५ मधील आकडा ऐकून घाबरू नये. त्यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, अर्थ असलेले शब्द नव्हे. रात्री जागून घोकू नये, कारण झोपेत स्मृती पक्की होते.

जोडीतील दोन्ही शब्द महिन्याच्या फेरीत सलग दोनदा बरोबर आले, की मगच त्या दोन चिठ्ठ्या एकत्र पिसून घ्याव्यात आणि घरातील कोणाला तरी त्या उलटसुलट क्रमाने भराभर दाखवायला सांगावे. येथे एकदा जरी अडखळायला झाले, तरी दुसरी चिठ्ठी पुन्हा पाकिटात जाते.